मेडिकलमध्ये बीपी-शुगरची तपासणी: वाशिमसारख्या जिल्ह्यात ती का हवी आणि नेमकं कुठे अडतं?

बीपीच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप खिशातून काढायची, काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "भाऊ, हीच द्या." वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा किंवा मानोरा, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलवर थोडा वेळ उभे राहिलात तर हे दृश्य दिसेल. डॉक्टरांची चिठ्ठी जुनी असते, कधी नसतेच. गोळी चालू आहे, पण आज बीपी किती आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. ज्यांना गोळीच चालू नाही, अशा अनेकांचं बीपी तर कोणी कधी मोजलेलंच नसतं.

मग मेडिकलमधल्या फार्मासिस्टनेच तिथल्या तिथे बीपी मोजलं, बोटाला टोचून साखर पाहिली आणि आकडा जास्त आला तर डॉक्टरांकडे पाठवलं तर? ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सरकार त्यासाठी मेडिकलला पैसे देतं. भारतात डी.फार्मच्या अभ्यासक्रमात ते शिकवलं जातं. तरी आपल्याकडे ते नियमितपणे होताना दिसत नाही. ते का होत नाही, आणि होऊ लागलं तर रुग्णाला त्याचा उपयोग होईल की दुकानदारालाच, हे समजून घेऊ.

आधी चाळणी म्हणजे काय ते पाहू

ज्याला इंग्रजीत स्क्रीनिंग म्हणतात, त्यासाठी 'तपासणी'पेक्षा 'चाळणी' हा शब्द जास्त नेमका आहे. धान्य चाळताना चाळणीत जे अडकतं ते सगळं खडेच असतात असं नाही. ते हातात घेऊन पाहावं लागतं. तसंच इथेही. एखाद्याला काहीच त्रास नाही, तो खत घ्यायला किंवा पोराच्या खोकल्याचं औषध घ्यायला बाजारात आला आहे, आणि त्याचं बीपी १५६/९८ निघालं. याचा अर्थ त्याला उच्च रक्तदाब आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच की त्याने पुन्हा, शांतपणे, वेगळ्या दिवशी मोजून घेतलं पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलं पाहिजे. डॉक्टरही एका वेळच्या आकड्यावर निदान करत नाहीत. सर्वसाधारणपणे १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी सापडला तर उच्च रक्तदाब मानतात.

साखरेचंही तसंच. सरकारी कार्यक्रमात ग्लुकोमीटरवर कोणत्याही वेळी घेतलेली साखर १४० मिलिग्रॅमच्या वर गेली की पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं, असा ढोबळ नियम आहे. मधुमेहाचं निदान मात्र त्यावर होत नाही. त्यासाठी उपाशीपोटीची साखर (१२६ आणि त्यावर) किंवा एचबीए१सी पाहावं लागतं.

हा फरक एवढा सांगायचं कारण असं की मेडिकलमधल्या तपासणीचा फायदा आणि धोका दोन्ही त्यातच आहेत. चाळणी म्हणून ती उत्तम आहे. तिला निदान समजून तिथेच गोळी दिली, तर नुकसान होऊ शकतं.

वाशिमचाच विचार का?

अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम १२ लाख होती आणि दर पाच जणांत चार जण खेड्यात राहत होते. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली. महाराष्ट्रातून तिच्यात नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिवसोबत वाशिमचं नाव होतं. जिल्ह्याला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर गुंतागुंतीचा रुग्ण बहुतेक वेळा अकोल्याला हलवला जायचा. वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर आहे. मानोऱ्याच्या टोकाच्या तांड्यावरून निघालं तर अंतर आणखी वाढतं.

लकवा मारलेल्या माणसासाठी हे अंतर फार मोठं ठरतं. मेंदूतली गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. गावातून गाडी मिळवून, तालुक्याला दाखवून, तिथून पुढे पाठवेपर्यंत हा वेळ सहज निघून जातो. म्हणून ज्या जिल्ह्यात मोठं रुग्णालय दूर, तिथे बीपी आधीच सापडणं हे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गरजेचं आहे. शहरात राहणाऱ्याला चूक सुधारायला थोडी तरी सवड मिळते.

देशाचं चित्र काय आहे? आयसीएमआरच्या 'इंडिआब' या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांना आहे, म्हणजे दर तीन प्रौढांत एकाहून जास्त. हे आजार शहरी, बैठ्या, सुखवस्तू लोकांचे आहेत हा समज आता सोडून द्यायला हवा. सोयाबीन सोंगणाऱ्या माणसालाही बीपी असतं. फक्त ते त्याला कळत नाही, कारण दुखत नाही.

आशाताई घरी येतात, मग मेडिकल कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सरकारची व्यवस्था कागदावर चांगली आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक अर्ज आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला आजार असे प्रश्न असतात. उपकेंद्रात, ज्याला आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि साखर तपासतात. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही पाहणी होते. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशी साखळी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे.

पण आशाताई दुपारी घरी गेल्या की घरात कोण असतं? बाया, म्हातारी माणसं, लहान पोरं. पस्तीस-चाळिशीचा पुरुष शेतात असतो, ट्रॅक्टरवर असतो, बाजार समितीत असतो किंवा कामासाठी पुण्याकडे गेलेला असतो. उपकेंद्राच्या वेळेत तो तिथे जात नाही, कारण त्याच्या मते त्याला काही झालेलंच नाही. मजुरी बुडवून निरोगी माणूस दवाखान्यात जात नसतो. तोच माणूस महिन्यातून दोनदा तरी मेडिकलवर येतो. आईची गोळी, पोराचं सिरप, स्वतःच्या कमरेसाठी मलम. मेडिकल सकाळी लवकर उघडतं, रात्री उशिरापर्यंत चालू असतं, तिथे नंबर लावावा लागत नाही आणि काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो.

माणूस जिथे आपणहून जातो तिथे त्याला गाठायचं, ही युक्ती अमेरिकेत एका वेगळ्याच जागी करून पाहिली होती. लॉस एंजेलिसमधल्या ५२ न्हाव्यांच्या दुकानांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुष गिऱ्हाइकांवर अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. या सगळ्यांचं बीपी वाढलेलं होतं. एका गटाच्या दुकानांत न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना जगण्याच्या सवयी बदलायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं. दुसऱ्या गटाच्या दुकानांत फार्मासिस्ट येऊन बसले आणि त्यांनी डॉक्टरांशी झालेल्या कराराप्रमाणे औषध सुरू केलं, मात्रा बदलली, पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी.

हा अभ्यास फार्मासिस्टच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. मला त्यातला पहिला गट जास्त बोलका वाटतो. आकडा सांगून 'डॉक्टरला दाखवा' म्हटलं की थोडाच फरक पडतो. पुढची कडी जोडलेली असेल तरच मोजण्याला अर्थ आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या सरकारी भाषेत फार्मासिस्टला 'औषधनिर्माता' म्हणतात. बिचारा काहीच निर्माण करत नाही, पण नाव तेच चिकटलं आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेने व्यवसायाचे नवे विनियम आणले. त्यांत फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी, रुग्णाशी बोलावं, औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं अशा जबाबदाऱ्या घातल्या. दुकानात समोर औषध देणाऱ्याला 'कम्युनिटी फार्मासिस्ट' अशी वेगळी ओळखही मिळाली.

त्यानंतर २०२० च्या नियमावलीने डी.फार्मचा अभ्यासक्रम बदलला. दुसऱ्या वर्षाच्या 'कम्युनिटी फार्मसी' विषयात आरोग्य चाळणीवर स्वतंत्र प्रकरण आहे: नेहमीच्या रुग्णांवर लक्ष ठेवणं, आजार लवकर ओळखणं आणि न सापडलेल्या रुग्णाला पुढे पाठवणं. म्हणजे आज वाशिमच्या एखाद्या फार्मसी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या अभ्यासक्रमात हे सगळं असतं. ती मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिली की मात्र या कौशल्याला कुठे जागा नसते.

अडचण सुरू होते ती रक्ताच्या थेंबापासून. बीपी मोजायला कोणाची हरकत नसते. साखरेसाठी मात्र बोटाला टोचावं लागतं. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी आणि तो डबा अधिकृत यंत्रणेकडे. किराणा दुकानाला लागून असलेल्या मेडिकलच्या मागच्या उकिरड्यात ती गेली, तर झाडूवाल्या बाईच्या हातात टोचणार. शिवाय प्रयोगशाळांचा मुद्दा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी हे मान्य केलं. त्या खटल्यात मेडिकलचा विषय नव्हता. पण त्यातून घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे: मेडिकलने 'रिपोर्ट' नावाचा कागद देऊ नये. आकडा, तारीख, वेळ आणि कुठे जायचं, एवढीच चिठ्ठी द्यावी.

गोळीचा मुद्दा तर निर्विवाद आहे. बीपीच्या पाकिटावर 'आरएक्स' अशी खूण असते. याचा अर्थ नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. "१५० आलंय काका, ही अर्धी गोळी सुरू करा" असं म्हणणारा फार्मासिस्ट कायदा मोडतो. डॉक्टरांच्या संघटना या विषयावर सावध का असतात, तेही इथे समजून घ्यायला हवं. २०२५ मध्ये होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून राज्यात मोठा वाद झाला. अशा वातावरणात 'आता मेडिकलवालेही तपासणार' हे वाक्य ऐकून त्यांचे कान टवकारणारच. चाळणी आणि उपचार यांतली रेघ जितकी ठळक, तितका हा विरोध कमी होईल.

काउंटरवर नक्की कोण आहे?

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि फार्मासिस्टांच्या संघटना त्यावर मोकळेपणाने बोलत नाहीत. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र एकाचं, काउंटरवर उभा दुसराच, हा प्रकार देशभर चालतो. प्रमाणपत्र भाड्याने देऊन महिन्याला ठरावीक रक्कम घेणारे आहेत. २०११ नंतर महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना फार्मासिस्टची हजेरी आणि बिलं या दोन गोष्टींवर मोठी मोहीम चालली. औषध विक्रेत्यांनी तिला कडाडून विरोध केला, दुकानं बंद ठेवली. त्या मोहिमेनंतर परिस्थितीत फरक पडला, पण प्रश्न संपला नाही.

दहावी झालेला, हुशार, गोळ्यांची नावं तोंडपाठ असलेला मदतनीस बीपीच्या मशीनचं बटण दाबू शकतो. पण १८४/११२ आल्यावर घाबरून न जाता काय विचारायचं, कोणाला आजच्या आज पाठवायचं आणि कोणाला आठवड्याने परत बोलवायचं, हे शिक्षणाचं काम आहे. त्यामुळे मेडिकलमधली चाळणी अधिकृत करायची असेल तर पहिली अट एकच असू शकते: फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवा. मला तर वाटतं हीच या योजनेची सगळ्यात मोठी छुपी कमाई ठरेल. तपासणीची फी फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टच्या नावावर मिळत असेल, तर मालकाला त्याला प्रत्यक्ष कामावर ठेवण्याचं एक कारण मिळेल.

माणसं नाहीत असं म्हणता येणार नाही. गेल्या काही वर्षांत राज्यात फार्मसी कॉलेजं इतकी निघाली की फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती २०२२ मध्ये न्यायालयात टिकली नाही. डी.फार्म होऊन दहा-बारा हजारांची नोकरी शोधणारी मुलं तालुक्यातालुक्यात सापडतील.

पैसे कोण देणार?

सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला असतो. इतर औषधांवर साधारण २० टक्के. बीपीची ३० रुपयांची स्ट्रिप विकली तर हातात चारेक रुपये पडतात. माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, दोनदा बीपी मोजायचं, वहीत लिहायचं, समजावून सांगायचं, यात पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात काउंटरवर पाच गिऱ्हाइकं निघून जातील. ग्लुकोमीटरच्या एका पट्टीलाच दहा-वीस रुपये पडतात. फुकटात हे कोणी वर्षभर करणार नाही, आणि केलं तर त्याचा खर्च कुठूनतरी काढेल.

कुठून काढेल हे ओळखणं कठीण नाही. आकडा थोडा जास्त आला की पावडर, टॉनिक, 'शुगर कंट्रोल'चा काढा. तपासणारा आणि विकणारा एकच असला की हा मोह कायमचा असतो. म्हणून तपासणीचे पैसे विक्रीतून न येता वेगळे यायला हवेत. इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच केलं. चाळिशीच्या पुढच्या, बीपीचं निदान न झालेल्या माणसाचं बीपी मेडिकलमध्ये मोजायचं, जास्त आलं तर चोवीस तास बीपी नोंदवणारं यंत्र लावायचं आणि निकाल त्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचा. यातल्या प्रत्येक टप्प्यासाठी सरकारी आरोग्य सेवा ठरलेली फी देते. गोळी विकली गेली की नाही याच्याशी त्या फीचा संबंध नाही.

आपल्याकडे याउलट शिबिरं होतात. २५ सप्टेंबरचा फार्मासिस्ट दिन, १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन. बॅनर लागतं, औषध कंपनी मशीन पाठवते, शंभर-दोनशे लोकांची साखर पाहिली जाते, फोटो निघतात. ज्यांची साखर जास्त निघाली त्यांचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. यात वाईट हेतू नसतो, पण याला आरोग्य सेवा म्हणणं अवघड आहे.

क्षयरोगाने वाट दाखवली आहे

महाराष्ट्रात मेडिकलला सरकारी कार्यक्रमाशी जोडण्याचा जुना अनुभव आहे, आणि तो क्षयरोगाचा आहे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईतल्या मेडिकल दुकानदारांना प्रशिक्षण देऊन संशयित रुग्ण ओळखणं, त्यांना थुंकी तपासायला पाठवणं आणि काही ठिकाणी दुकानातूनच सरकारी औषधं खाऊ घालणं असा प्रकल्प चालवला. २०१२ मध्ये केंद्राचा क्षयरोग विभाग, फार्मसी परिषद आणि औषध विक्रेत्यांची देशव्यापी संघटना यांच्यात त्यासाठी करारही झाला. २०१४ पासून 'एच-१' यादीतली औषधं, ज्यांत क्षयाची औषधं येतात, विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. २०१८ मध्ये क्षयरुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी मेडिकलवरही टाकली गेली.

या अनुभवात एक सोपी गोष्ट आहे. क्षयाच्या चाळणीला मशीन लागत नाही, सुई लागत नाही. खोकल्याचं सिरप मागायला आलेल्या माणसाला एवढंच विचारायचं: "किती दिवसांपासून आहे?" दोन आठवड्यांहून जास्त असेल तर सिरपसोबत एक चिठ्ठी. ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांची चौकशी. एक मिनिटाचं काम. मेडिकलमधल्या चाळणीची सुरुवात वाशिममध्ये कुठून करायची असं कोणी विचारलं, तर ग्लुकोमीटरच्या आधी या एका प्रश्नापासून करावी असंच मी म्हणेन.

चिठ्ठी पुढे पोचली तर

समजा, कारंज्याच्या एखाद्या मेडिकलने एका माणसाला चिठ्ठी दिली. तो ती घेऊन गावच्या उपकेंद्रात गेला. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी होते, त्यांनी पुन्हा मोजलं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. आता ती गोळी महिन्याच्या महिन्याला मिळायला हवी. सरकारी दवाखान्यांतला औषधांचा तुटवडा राज्यात इतका गाजला की हाफकिनकडून खरेदी काढून घेऊन २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करावं लागलं. दुसऱ्या महिन्यात 'गोळी संपली, बाहेरून घ्या' असं ऐकलं की माणूस परत त्याच मेडिकलवर येतो, रिकामी स्ट्रिप घेऊन.

देशात यावर काम झालेलं आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्याची सूत्रं साधी आहेत: सगळीकडे एकच ठरलेली औषधयोजना, औषधाचा सलग पुरवठा, गावाजवळ उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. त्यात खासगी मेडिकल जोडलं तर चाळणीतून सापडलेला माणूस नोंदीत येईल आणि महिनाभर गोळी न्यायला आला नाही तर तेही कळेल.

वाशिममध्ये नवं वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका तालुक्यातली वीस-पंचवीस मेडिकल, हजर असलेले फार्मासिस्ट, तपासून घेतलेली मशीनं, एकसारखी चिठ्ठी आणि जवळच्या उपकेंद्राचा फोन नंबर, एवढ्यावर वर्षभराचा प्रयोग तिथल्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला करता येईल. मोजायचं एकच: दिलेल्या शंभर चिठ्ठ्यांपैकी किती माणसं उपकेंद्रात पोचली आणि सहा महिन्यांनी त्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. किती जणांची तपासणी झाली हा आकडा बॅनरवर छान दिसतो, पण त्यावरून काहीच कळत नाही.

तोवर तुम्ही मेडिकलमध्ये बीपी मोजणार असाल तर

मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू, खर्रा नको. उन्हातून आल्या आल्या मोजू नका. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा दंडावर, उघड्या कातडीवर आणि छातीच्या उंचीवर हवा. मनगटाच्या मशीनवर विसंबू नका. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून घ्या. साखर पाहताना नवी सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख पाहा. वाशिमच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडी राहिलेली डबी चुकीचे आकडे दाखवू शकते. आकडा पाहून कोणी लगेच गोळी किंवा पावडर देऊ लागलं तर घेऊ नका, चिठ्ठी मागा.

आणि बीपी १८०/१२० च्या वर असेल, सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. तिथूनच १०८ ला फोन करा.